रक्ताच्या थेंबापासून कोयनेपर्यंत: घनफळाची मापं एकमेकांत कशी बदलायची

पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत धरणसाठ्याची चौकट रोज येते. पुण्याच्या आवृत्तीत खडकवासला साखळीतल्या चार धरणांची एकूण क्षमता २९.१५ टीएमसी अशी लिहिलेली असते. मुंबईच्या आवृत्तीत सात तलावांची क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. छत्रपती संभाजीनगरच्या आवृत्तीत जायकवाडीची उपयुक्त क्षमता २,१७१ दलघमी. तिन्ही ठिकाणी मोजलंय ते पाणीच. तरीही या तिघांत जास्त पाणी कुणाकडे, असं विचारलं तर रोज पेपर वाचणारा माणूसही अडखळतो. नुसत्या आकड्यांवर गेलं तर मुंबई पाण्यात बुडालेली आणि पुणं कोरडं ठाक वाटेल.

पाण्यावरून आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत भांडणं होतात, प्रकरणं कोर्टात जातात. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायचं की नाही, हा वाद तुटीच्या वर्षी हमखास उफाळून येतो. त्या वादातले आकडे ज्याच्या शेतात पाणी येणार किंवा थांबणार आहे त्याला स्वतः पडताळून पाहता आले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारं गणित सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही. पण शाळेत किलो, हेक्टो, डेका, डेसी, सेंटी, मिली अशी माळ घोकून घेतात आणि दशांश चिन्ह कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवायला सांगतात. परीक्षा संपली की माळ विसरली जाते. माळेऐवजी पेटी डोळ्यांसमोर आणली, तर विसरण्यासारखं फारसं काही उरत नाही.

बाजू दहापट, घनफळ हजारपट

१० सेंटीमीटर लांब, १० रुंद आणि १० उंच अशी पेटी घ्या. तिच्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं. मावतं म्हणजे योगायोगानं नव्हे, लिटरची व्याख्याच ती आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, तेव्हा मीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनाला लिटर म्हणायचं ठरलं.

आता या पेटीत १ सेंटीमीटर बाजूचे ठोकळे रचा. तळाच्या एका ओळीत १० ठोकळे, अशा १० ओळी लावल्या की तळाचा थर १०० ठोकळ्यांचा, आणि पेटी भरायला असे १० थर लागतात. एकूण १,००० ठोकळे. म्हणून एक लिटर म्हणजे १,००० घन सेंटीमीटर, आणि त्यातला एकेक ठोकळा म्हणजे एक मिलिलिटर. मोटारसायकलचं १५० सीसीचं इंजिन, ५ सीसीची सिरिंज, खोकल्याच्या औषधाच्या झाकणावरची ५ एमएलची खूण: सीसी आणि एमएल ही त्याच एका ठोकळ्याची दोन नावं आहेत.

सगळा घोटाळा इथून पुढे होतो. एका मीटरचे १०० सेंटीमीटर, म्हणून एका घनमीटरचेही १०० घन सेंटीमीटर, असं हात आपोआप लिहून जातो. पण मीटरभर बाजूची पेटी लांबीला १०० ठोकळ्यांची आहे, रुंदीलाही १०० आणि उंचीलाही १००. तिन्हींचा गुणाकार १० लाख. लांबीत १००, क्षेत्रफळात १०,००० आणि घनफळात १०,००,०००. बाजू दहापट झाली की घनफळ हजारपट होतं, बाजू शंभरपट झाली की दहा लाखपट. घनफळाच्या रूपांतरात चुकणाऱ्या दहा जणांतले बहुतेक जण हेच विसरलेले असतात.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. ‘मिलिलिटर’मधलं मिलि थेट लिटरला लागतं, म्हणून मिलिलिटर हा लिटरचा साधा हजारावा भाग. ‘घन मिलिमीटर’मध्ये मात्र आधी मिलिमीटर होतो आणि मग त्याचा घन. त्यामुळे घन मिलिमीटर हा घनमीटरचा हजारावा भाग नाही. एका घनमीटरमध्ये असे १०० कोटी ठोकळे बसतात. लिटरच्या घराण्यात पायऱ्या दहाच्या असतात: एका लिटरचे १० डेसिलिटर, १०० सेंटिलिटर, १,००० मिलिलिटर. घनाच्या घराण्यात पायऱ्या हजाराच्या. या दोन चाली एकाच कोष्टकात कोंबल्या की हुशार मूलही गोंधळतं, आणि त्यात त्या मुलाचा दोष नसतो.

आता पेटीची बाजू दर वेळी दहापट करत वर जाऊ. बाजू १ मिलिमीटर असेल तर आत १ मायक्रोलिटर मावतं; रक्ताच्या रिपोर्टमध्ये पेशी मोजायला हे माप लागतं. बाजू १ सेंटीमीटर केली की १ मिलिलिटर, म्हणजे औषधाचं माप. १० सेंटीमीटरला लिटर, दुधातेलाचं माप. १ मीटरला घनमीटर, म्हणजे १,००० लिटर. पाणीपट्टीच्या बिलावर यालाच किलोलिटर म्हणतात. १० मीटर बाजूच्या पेटीत १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी राहतं. नालाबांध, शेततळी यांची कामं करणारे लोक याला टीसीएम म्हणतात. १०० मीटर बाजूच्या पेटीत दहा लाख घनमीटर, म्हणजेच एक दशलक्ष घनमीटर. हाच आपला दलघमी. आणि बाजू एक किलोमीटर केली की १,००० दलघमी. कोयनेचं धरण काठोकाठ भरलं की अशा जवळजवळ तीन पेट्या भरतात.

रक्ताच्या थेंबापासून कोयनेपर्यंत एकूण सात पेट्या आणि प्रत्येक पुढची पेटी मागचीच्या हजारपट. मायक्रोलिटर, मिलिलिटर, लिटर, घनमीटर, टीसीएम, दलघमी, घन किलोमीटर. हा क्रम एकदा डोक्यात बसला की लहान मापाकडे येताना पायरीगणिक हजारानं गुणायचं आणि मोठ्या मापाकडे जाताना पायरीगणिक हजारानं भागायचं. दिशेबद्दल शंका आली तर एवढंच पाहा: माप लहान केलं तर आकडा मोठा व्हायलाच हवा. दलघमीचे लिटर करताना आकडा लहान झाला, तर गणित उलटं पडलंय.

थोडा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या बदलली होती. त्या काळात लिटर म्हणजे ठरावीक तापमानाच्या एक किलो शुद्ध पाण्याचं घनफळ. किलोच्या मापात बारीकसा फरक राहून गेलेला असल्यामुळे तो लिटर १० सेंटीमीटरच्या पेटीपेक्षा दहा लाखांत २८ भाग मोठा निघाला. म्हणजे त्या काळात सीसी आणि एमएल अगदी तंतोतंत एक नव्हते. स्वयंपाकघरात हा फरक दिसणारही नाही, पण कोयनेएवढ्या साठ्याला लावला तर तो आठ कोटी लिटरच्या पुढे जातो. १९६४ साली आंतरराष्ट्रीय परिषदेनं ती व्याख्या रद्द करून लिटर पुन्हा पेटीला जोडला.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली. त्याआधी शेर, पायली, मण यांवर व्यवहार चालायचा आणि शेर केवढा, पायली केवढी हे गावागणिक बदलायचं. एका बाजारपेठेतला भाव दुसऱ्या बाजारपेठेशी ताडून पाहणं शेतकऱ्याला जवळपास अशक्य होतं. मेट्रिक मापांनी ही अडचण दूर केली, याचं महत्त्व आज आपल्या लक्षात राहत नाही.

शेततळं, विहीर आणि पाऊस

एक खरं उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. राज्यातल्या शेततळ्यांच्या योजनांत ३० मीटर × ३० मीटर × ३ मीटर हे माप ओळखीचं आहे. सरळ गुणाकार केला तर २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. गावात बहुतेक जण हाच आकडा धरून चालतात. पण शेततळ्याच्या भिंती उभ्या नसतात, त्यांना उतार असतो. नाहीतर माती ढासळेल. उतार एकास एक धरला तर ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटरनं आत येते, आणि तळ ३० × ३० न राहता २४ × २४ चा होतो. वरचं क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, तळाचं ५७६, आणि मधोमध २७ × २७ म्हणजे ७२९. इंजिनिअर यासाठी वरचं, तळाचं आणि मधल्याची चौपट यांची बेरीज करतात, तिला खोलीनं गुणतात आणि सहानं भागतात. ९०० + ५७६ + २,९१६ म्हणजे ४,३९२. गुणिले ३, भागिले ६. उत्तर २,१९६ घनमीटर.

हजाराची एक पायरी वर चढलो तर २.१९६ टीसीएम, एक पायरी उतरलो तर २१ लाख ९६ हजार लिटर. कागदावरचे २७ लाख आणि तळ्यातले २२ लाख यांत पाच लाख लिटरचा फरक आहे. हे पाच लाख लिटर म्हणजे एका हेक्टरवर ५० मिलिमीटरची एक पाळी. ती मिळणार असं धरून डाळिंब लावलं आणि मिळाली नाही, तर काय होतं हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पाळीचा हा हिशेब कुठून आला? मिलिमीटर हे लांबीचं माप, पण पाऊस आणि पाणी देणं दोन्ही त्यातच मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं की बरोबर एक लिटर होतं: चौरस मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर × १०० सेंटीमीटर, जाडी ०.१ सेंटीमीटर, गुणाकार १,००० घन सेंटीमीटर. मेट्रिक मापांतली मला सगळ्यांत आवडणारी ही जुळणी आहे. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, तेव्हा हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, नेमका एक मोठा टँकर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, तेव्हा गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास १०० लिटर. वेधशाळेनं ‘२० मिमी पाऊस’ सांगितला की दहा गुंठ्यांवर २० हजार लिटर पाणी पडलं, हे मनातल्या मनात निघतं.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आता हा आकडा लिटरमध्ये वाचा: प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर. चटईएवढ्या जागेवर हजार लिटरची टाकी ओतल्यासारखं, आणि तेही आजूबाजूच्या मैलोगणती जागेवर एकाच वेळी. त्या दिवशी गटारांची क्षमता का अपुरी पडली, हे मिलिमीटरपेक्षा लिटर जास्त स्पष्ट सांगतात.

हीच जुळणी उलट्या बाजूनं बाष्पीभवनाला लागते. जायकवाडी पूर्ण भरलेलं असताना त्याचं पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. त्यातून नुसता एक मिलिमीटरचा थर उडाला, तर ३५ कोटी चौरस मीटर गुणिले एक लिटर, म्हणजे ३५ कोटी लिटर पाणी गेलं. दलघमीत ०.३५. उन्हाळ्यात दिवसाला एकच मिलिमीटर उडून भागत नाही. उथळ आणि पसरट धरणाला ऊन का महागात पडतं, ते या गुणाकारात आहे.

विहिरीचा हिशेब गोल असल्यामुळे थोडा वेगळा. व्यास ६ मीटर असेल तर त्रिज्या ३, तिचा वर्ग ९, आणि ३.१४ नं गुणल्यावर २८.२६ चौरस मीटर. म्हणजे विहिरीत दर मीटरभर पाण्यामागे सुमारे २८ हजार लिटर. मोटर सेकंदाला ५ लिटर पाणी ओढत असेल आणि झरे थांबलेले असतील, तर मीटरभर पाणी दीड तासात संपतं. व्यास दुप्पट असलेल्या विहिरीत दर मीटरला पाणी दुप्पट नसतं, चौपट असतं. हे विहीर खोदण्याआधी कळलेलं बरं.

फुटांचा पाहुणा: २८.३

आता टीएमसी. हे माप आपल्या सात पेट्यांत कुठंच बसत नाही, कारण ते मीटरचं नाही, फुटांचं आहे. हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे एक अब्ज घनफूट. मीटरची मापं येऊन कितीतरी दशकं झाली, तरी पाटबंधाऱ्यांच्या बोलण्यात फूट टिकून राहिलाय. बांधकामावर वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. धरणाचे दरवाजे उघडले की विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट.

या सगळ्यांसाठी एकच आकडा पुरतो. फूट म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर. लिटरच्या पेटीची बाजू १० सेंटीमीटर, म्हणजे फुटाची पेटी लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे ३.०४८ पट मोठी. ३.०४८ चा घन २८.३. बस. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. एक ब्रास म्हणजे २,८३० लिटर, म्हणजेच २.८३ घनमीटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. आणि एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. एवढा एक आकडा पाठ करा, बाकी सगळं दशांश चिन्ह सरकवून येतं.

तो घेऊन सुरुवातीचे तीन आकडे एका मापात आणू. पुण्याचे २९.१५ टीएमसी गुणिले २८.३, म्हणजे सुमारे ८२५ दलघमी. मुंबईला फुटांचा त्रासच नाही: एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, तेव्हा एक दशलक्ष घनमीटर म्हणजे १,००० दशलक्ष लिटर. म्हणून १४,४७,३६३ ला हजारानं भागलं की झालं, १,४४७ दलघमी. जायकवाडी २,१७१ आहेच. जायकवाडीत मुंबईच्या सातही तलावांच्या दीडपट उपयुक्त पाणी मावतं आणि पुण्याची चारही धरणं मिळून मुंबईच्या तलावांच्या सहा-दशांशापेक्षाही कमी आहेत. तीन वेगळ्या मापांत लिहिल्यामुळे हे कधी दिसतच नाही. वर्तमानपत्रांनी स्थानिक मापाशेजारी दलघमीतला आकडा कंसात दिला, तर वाचकांवर मोठे उपकार होतील.

मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. म्हणजे ३.९ दलघमी. १,४४७ भागिले ३.९ केलं की ३७१ दिवस निघतात. तलाव म्हणजे जेमतेम एका वर्षाची बेगमी. १ ऑक्टोबरला तलाव काठोकाठ आहेत की नाहीत याची महापालिका एवढी काळजी का करते, ते या भागाकारातून कळतं.

उजनीच्या बातम्यांत आणखी एक पेच असतो. धरणाची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी, पण त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी उणे २० टक्के’ अशी बातमी येते. उणे म्हणजे धरण रिकामं नव्हे. ५३.५७ चे २० टक्के म्हणजे १०.७ टीएमसी मृतसाठ्यातून वापरलं गेलं, आणि ६३.६६ मधून ते वजा केल्यावर ५२.९ टीएमसी अजून आहे. गुणिले २८.३ केलं तर जवळपास १,५०० दलघमी. गाळानं व्यापलेली जागा सोडून दिली तर कागदावर हा साठा मुंबईच्या भरलेल्या सात तलावांहून थोडा जास्तच भरतो. अर्थात ते पाणी कालव्याच्या तोंडाच्या खाली असतं, ते शेतापर्यंत आपोआप पोचत नाही. सोलापूरकरांची काळजी खोटी नाही, पण ‘उणे’ या शब्दानं जो अर्थ मनात येतो तो चुकीचा आहे.

विसर्गासाठी एक सोय सांगतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. एक अब्जाला त्यांनी भागलं की ११,५७४ येतात. म्हणजे ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. धरणातून ५० हजार क्युसेक सोडले अशी बातमी आली, तर चोवीस तासांत सव्वाचार टीएमसीहून थोडं जास्त पाणी खाली गेलं. खडकवासल्याची एकट्याची क्षमता १.९७ टीएमसी आहे. तेवढं पाणी या वेगानं अर्ध्या दिवसात वाहून जातं. क्युसेक म्हणजे वेग आणि टीएमसी म्हणजे साठा, या दोन्हींची एकमेकांशी थेट तुलना होत नाही. मध्ये वेळ यावीच लागते.

आणि एक सावधगिरी. टीसीएम आणि टीएमसी. अक्षरं तीच, जागा बदललेल्या. टीसीएम म्हणजे १,००० घनमीटर, दहा मीटरची पेटी. टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. दोघांत २८ हजार पटींचा फरक. गावातल्या नालाबांधाचा साठा टीएमसीत छापलेला दिसला, तर टंकलेखनाची चूक समजा आणि लगेच विचारा.

लिटर म्हणजे किलो नव्हे

पाण्याचं एक लिटर साधारण एक किलो भरतं, म्हणून आपण सगळ्याच पदार्थांना तोच न्याय लावतो. खाद्यतेल हलकं असतं. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. पिशवीवर ‘१ लिटर’ आणि ‘९१० ग्रॅम’ असे दोन आकडे दिसले तर ती फसवणूक नाही, ती एकाच मालाची दोन मापं आहेत. फसवणूक होते ती तापवून फुगवलेल्या घनफळात, कारण तेल तापलं की जागा जास्त घेतं, वजन तेवढंच राहतं. म्हणून २०२२ साली केंद्र सरकारनं कंपन्यांना सांगितलं की घनफळासोबत वजनही छापा आणि तापमानाचा उल्लेख काढा. दोन ब्रँडची तुलना करायची तर ग्रॅमवर करा. दूध उलट पाण्यापेक्षा किंचित जड असतं.

पाण्याची जुळणी मात्र घर बांधताना उपयोगी पडते. गच्चीवरची २,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे स्लॅबवर दोन टन.

जिथे दशांश चिन्ह महाग पडतं

धरणाच्या हिशेबात चूक झाली तर वाद होतो, औषधात झाली तर माणसाला इजा होते. ओआरएसच्या पुड्या दोन आकारांत मिळतात: एक लिटर पाण्यासाठी मोठी, २०० मिलिलिटरसाठी लहान. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली तर द्रावण पाचपट तीव्र होतं, आणि जुलाबानं आधीच सुकलेल्या बाळाला ते धोक्याचं ठरू शकतं. पुडीवर पाण्याचं माप छापलेलं असतं, ते आधी वाचा, मग पाणी मोजा. घरातले चमचे सगळे सारखे नसतात. बाळाच्या औषधाचे ५ एमएल बाटलीबरोबर आलेल्या झाकणानं किंवा सिरिंजनंच मोजावेत.

इन्सुलिनमध्ये युनिट आणि मिलिलिटर यांचा घोळ होतो. आपल्याकडे दोन प्रकारच्या बाटल्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. सिरिंजही दोन, ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची आणि १०० च्या बाटलीसाठी नारिंगी. ४० च्या सिरिंजवरची ‘२०’ ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. तीच सिरिंज चुकून १०० च्या बाटलीत बुडवली तर त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये २० ऐवजी ५० युनिट जातील, आणि साखर एकदम खाली येईल. उलट चुकीत, नारिंगी सिरिंजनं ४० ची बाटली वापरली तर ‘२०’ च्या खुणेला नुसते ८ युनिट मिळतील. बाटली बदलली की सिरिंज बदलायची, आणि औषधवाल्यानं वेगळी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचं नाही.

शुगरच्या रिपोर्टमधला डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरमागे १ ग्रॅम. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम साखर.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटच्या आकड्यांवरून घरोघरी घाबरगुंडी उडते, त्यातली निदान मापामुळे उडणारी तरी टाळता येते. एका लॅबच्या कागदावर ‘१,५०,००० प्रति क्यूबिक एमएम’ असतं, दुसरीच्या ‘१५० हजार प्रति मायक्रोलिटर’, तिसरीच्या नुसतं १५० आणि पुढे दहाचा नववा घात प्रति लिटर. काल दीड लाख होत्या, आज दीडशेच राहिल्या, असं वाटून नातेवाईक धावपळ करतात. पण घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर ही एकच पेटी आहे, सगळ्यांत लहान. एका लिटरमध्ये अशा दहा लाख पेट्या. दीड लाख गुणिले दहा लाख म्हणजे १५० अब्ज, आणि दहाचा नववा घात म्हणजेच एक अब्ज. तिन्ही कागदांवर प्लेटलेट तेवढ्याच आहेत. दोन दिवसांचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आकड्याआधी त्यापुढचं माप वाचा, आणि जमलं तर दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये करा.